काळी माती जिवंत ठेवायची कशी? नमुना घेण्यापासून पऱ्हाटी कुजवण्यापर्यंत, नागपूर जिल्ह्याच्या शेतकऱ्यांसाठी सविस्तर माहिती

नागपूर : खरिपाचा हिशेब मांडताना बियाणं, खत, फवारणी, डवरणी, वेचाईची मजुरी, सगळं वहीत लिहिलं जातं. मातीचा रकाना मात्र वहीत नसतो. वावरातून कापूस निघतो, सोयाबीन निघतं, कुटार विकलं जातं, पऱ्हाटी धुऱ्यावर जळते. मातीत परत काय गेलं हे विचारलं तर उत्तर येतं, "दोन गोण्या डीएपी अन् युरिया."

याचा परिणाम हळूहळू दिसतो. जमीन टणक होते, पाऊस पडला की पाणी मुरत नाही, आठ दिवस उघाड पडली की पीक माना टाकतं. खताच्या गोण्या वाढतात, उतारा तिथेच राहतो. जमिनीचं हे दुखणं कसं ओळखायचं आणि घरच्या घरी काय करता येतं, त्याची ही माहिती.

आधी आपली माती ओळखा

जिल्ह्यात तालुके चौदा, पण माती एका जातीची नाही. काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा या पश्चिमेकडच्या भागात खाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. करोडो वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा खडक झिजून काळी माती तयार झाली. पूर्वेकडे रामटेक, मौदा, कुही, भिवापूरकडे खडक वेगळे आणि त्याहून जुने आहेत. तिथे धानाची माती, हलकी माती आणि नदीकाठची गाळाची माती असे प्रकार दिसतात.

जुन्या लोकांनी मातीला दिलेली नावं आजही कामाची आहेत. गावागणिक थोडा फरक पडतो, पण साधारण अर्थ असा :

- काळी : खोल, भारी, चिकट. उन्हाळ्यात भेगा पडतात.
- मोरंड : काळीच, पण चुनखडीचे खडे असलेली. कापूस, तूर, गहू, हरभरा चांगला येतो.
- खरडी : उथळ, हलकी. पाऊस लांबला की आधी हिचंच पीक सुकतं.
- बरडी : टेकाडावरची मुरमाड जमीन. मातीचा थर वीतभरही नसतो.

एकाच सातबाऱ्यात वर बरडी आणि खाली काळी असू शकते. दोन्हीला एकच खत, एकच बियाणं, एकच पेरणी केली तर एका तुकड्यात पैसा वाया जातो. म्हणून वावराचे तुकडे मातीप्रमाणे वेगळे धरायचे.

काळ्या मातीचा स्वभाव

काळ्या मातीत चिकणमातीचे बारीक कण खूप असतात. पाणी मिळालं की ते फुगतात, वाळलं की आकसतात. भेगा त्यामुळेच पडतात. या मातीचा फायदा असा की ओल धरून ठेवते आणि रब्बीत हरभरा त्या ओलीवर निघतो. तोटा असा की एकदा फुगली की पाणी खाली जायला वाट राहत नाही. जोराचा पाऊस आला की वरचं पाणी वाहतं आणि चांगली माती घेऊन नाल्यात जातं.

म्हणून या जमिनीत वापसा पाहूनच औत घालायचं. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर फिरवला तर चाकाखाली माती दाबली जाते आणि थर घट्ट होतो. दरवर्षी त्याच खोलीवर रोटाव्हेटर मारल्यानेही वरची माती पिठासारखी होते आणि खाली कडक थर बसतो. मुळं तिथेच अडतात.

मातीचा नमुना असा घ्या

मातीचा तपास नमुन्यावर चालतो. नमुना चुकला तर अहवालही चुकतो.

1. रब्बी निघाल्यावर, उन्हाळ्यात नमुना घ्यायचा. खत टाकून दोन-तीन महिने झालेले असावेत.
2. एका जातीच्या मातीतून, नागमोडी चालत 10 ते 12 ठिकाणं निवडायची.
3. धुऱ्याजवळ, झाडाखाली, विहिरीजवळ, खताच्या खड्ड्याजवळ, गुरं बसतात तिथे नमुना घ्यायचा नाही.
4. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा, वीतभर म्हणजे 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करायचा. खड्ड्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून काढायची.
5. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळायची. लोखंडी, गंजलेलं घमेलं नको, नाहीतर लोहाचा आकडा चुकतो. खताची रिकामी गोणीही वापरायची नाही.
6. मातीचा ढीग पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन भाग फेकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करायचं.
7. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. आत चिठ्ठी : नाव, गाव, गट नंबर, मागचं पीक, पुढे घ्यायचं पीक, ओलित की कोरडवाहू, मोबाईल नंबर.

संत्र्याच्या बागेसाठी वीतभर माती पुरत नाही. तिथे 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन थरांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचे.

कार्डावरचे आकडे कसे वाचायचे

मृदा आरोग्य कार्डाची योजना फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झाली. कार्डावर 12 गोष्टी असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन. योजनेतला सरकारी नमुना कोरडवाहूत 10 हेक्टरच्या चौकटीतून आणि ओलितात अडीच हेक्टरच्या चौकटीतून घेतला जातो. म्हणजे कार्डावरची माती शेजारच्या वावरातलीही असू शकते. खात्रीचा आकडा हवा असेल तर आपल्या वावराचा वेगळा नमुना द्यायचा.

सामू : 6.5 ते 7.5 उत्तम. आपल्या काळ्या मातीत तो 8 च्या आसपास असणं नवल नाही. 8.5 च्या वर गेला आणि जमीन चोपण वाटत असेल, तर अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यासारखा सोडियमचा त्रास आहे का ते प्रयोगशाळेत विचारायचं. जिप्सम किती टाकायचं ते अहवालावरूनच ठरतं, अंदाजाने नाही.

क्षारता : 1 च्या आत असेल तर चिंता नाही. बोअरचं पाणी देत असाल तर पाण्याचाही नमुना द्या.

सेंद्रिय कर्ब : कार्डावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. 0.50 टक्क्यांच्या खाली असेल तर कमी, 0.75 च्या वर असेल तर भरपूर धरतात. राज्यातल्या काही प्रयोगशाळा याच्या सहा पायऱ्या करतात, म्हणून अहवालावर लिहिलेली श्रेणी पाहायची.

नत्र, स्फुरद, पालाश : प्रत्येकासमोर कमी, मध्यम, भरपूर असं लिहिलेलं असतं. साधा नियम असा : मध्यम असेल तर शिफारशीएवढं खत, कमी असेल तर चौथाई जास्त, भरपूर असेल तर चौथाई कमी. काळ्या मातीत पालाश बहुतेक वेळा भरपूर निघतो.

जस्त आणि लोह : जस्त 0.6 च्या खाली आणि लोह 4.5 च्या खाली असेल तर कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या की समजायचं. अशा वेळी आणखी युरिया देऊन पान हिरवं होत नाही.

गोण्यांचा हिशेब

कार्डावर खत किलोत असतं, दुकानात गोणीत मिळतं. इथेच घोळ होतो. हे पाठ ठेवा :

- युरिया, 45 किलोची गोणी : नत्र 20.7 किलो
- डीएपी, 50 किलोची गोणी : नत्र 9 किलो, स्फुरद 23 किलो
- सिंगल सुपर फॉस्फेट, 50 किलोची गोणी : स्फुरद 8 किलो, गंधक 5.5 किलो
- म्युरेट ऑफ पोटॅश, 50 किलोची गोणी : पालाश 30 किलो

समजा सोयाबीनला एकरी 12 किलो नत्र, 30 किलो स्फुरद आणि 12 किलो पालाश द्यायचं निघालं. पहिला मार्ग : डीएपी 65 किलो आणि पोटॅश 20 किलो. नत्र-स्फुरद भागतं, पण गंधक शून्य. दुसरा मार्ग : सुपर फॉस्फेट पावणेचार गोण्या, युरिया 26 किलो, पोटॅश 20 किलो. यात स्फुरद तेवढंच मिळतं आणि वर एकरी 20 किलो गंधक जातं. सोयाबीनच्या तेलाला आणि डाळींना गंधक लागतं. डीएपीसाठी रांगेत उभं राहण्याआधी हा हिशेब करून पाहावा. दोन्हीचा खर्च त्या वेळच्या भावाने मांडायचा, गोण्या वाहण्याची मजुरीही धरायची.

सोयाबीन स्वतःच्या गाठीतून हवेतला नत्र घेतं. बियाण्याला रायझोबियम 10 किलोला 250 ग्रॅम चोळलं तर गाठी चांगल्या धरतात. आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर रायझोबियम, हा क्रम चुकवू नये. उभ्या सोयाबीनवर युरिया फेकला तर झाड माजतं, गाठी कमी धरतात.

कपाशीला युरिया एकदम नाही, हप्त्याने द्यायचा. ओल असताना, झाडापासून थोडा दूर, मातीआड करून. कोरड्या जमिनीवर उघडा फेकलेला युरिया आपल्या चुनखडीच्या मातीत वायू होऊन उडून जातो.

कर्ब एका वर्षात का वाढत नाही?

एक एकर जमिनीच्या वरच्या वीतभर थराचं वजन अंदाजे 8 लाख किलो भरतं. सेंद्रिय कर्ब 0.40 वरून 0.50 टक्क्यांवर न्यायचा तर त्या थरात 800 किलो कर्ब टिकून राहायला हवा. एकरी 2 टन शेणखत म्हणजे मध्यम बंडीच्या चार-पाच बंड्या. त्यात अर्धं पाणी असतं. उरलेल्यातला बराचसा भाग आपल्या उन्हात वर्ष-दोन वर्षांत जिवाणू खाऊन टाकतात. म्हणून एकदा शेणखत टाकून कार्डावरचा आकडा हलत नाही. दरवर्षी, न चुकता काहीतरी परत टाकावं लागतं.

"एका बाटलीत कर्ब दुप्पट" असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हाच हिशेब विचारायचा : लिटरभर बाटलीतून 800 किलो येणार कुठून? घेतलंच तर पक्कं बिल घ्यायचं.

पऱ्हाटी जाळायची नाही, तर करायचं काय?

कपाशीच्या एका एकरातून साधारण एक टन पऱ्हाटी निघते. वाळलेल्या एक टन काडीत 400 किलोच्या वर कर्ब असतो. काडी लावली की तो कर्ब धूर होऊन जातो, नत्र जवळपास सगळा जातो, गंधकही बराच जातो. मागे राहते मूठभर राख, ती पहिल्या वाऱ्याला उडते.

पऱ्हाटी जाळण्यामागे शेतकऱ्याची अडचण खरी आहे. काडी लाकडासारखी कडक, लवकर कुजत नाही, मजूर मिळत नाही आणि पुढची मशागत अडते. गुलाबी बोंडअळीची भीती वेगळी. 2017 च्या हंगामात विदर्भाने या अळीचा तडाखा पाहिला. न उमललेल्या बोंडांत अळी सुप्त राहते, म्हणून पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर महिनोन् महिने ठेवणं धोक्याचंच. फरदड न घेता डिसेंबरअखेर कपाशी संपवायची आणि पऱ्हाटी लगेच बारीक करायची. अळीलाही तेच भारी पडतं आणि मातीलाही तेच लागतं.

मार्ग तीन आहेत.

पहिला, श्रेडर. ट्रॅक्टरवरच्या श्रेडरने उभी पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिसळायची. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून भाड्याने आणलं तर परवडतं. अवजारांच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो.

दुसरा, खड्डा किंवा ढीग. बारीक केलेली पऱ्हाटी, सोयाबीनचं कुटार आणि शेणाचा काला असे थर द्यायचे. एक टन काडीला एक किलो कंपोस्ट जिवाणू पुरतात. पऱ्हाटीत नत्र कमी असतो, म्हणून शेणाच्या पाण्यात थोडा युरिया मिसळला तर कुजणं वेग धरतं. ओल पिळलेल्या फडक्याएवढी ठेवायची, महिन्या-दीड महिन्याने ढीग पलटायचा. मृगापर्यंत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार व्हायला हवं.

तिसरा, गोठ्याचा मार्ग. 1920 च्या दशकात इंदूरला कापसाच्या काळ्या मातीवर काम करताना अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. पऱ्हाटीच्या कडकपणाची अडचण त्यांनाही आली. त्यांनी ती रस्त्यावर पसरली, बंड्यांच्या चाकांखाली चिरडू दिली, मग गोठ्यात बैलांखाली अंथरली. शेण-मूत्र मुरलेली ती काडी पुढे खड्ड्यात गेली. ज्यांच्याकडे श्रेडर नाही पण जनावरं आहेत, त्यांना हा मार्ग आजही जमतो.

कुटाराचंही तसंच. गुरांना लागेल तेवढं ठेवून उरलेलं वावरातच पसरायचं. गव्हाचा फणकट आणि धानाची तणस जाळण्यापेक्षा ओल असताना जमिनीत गाडलेली बरी.

शेणखताचा खड्डा उन्हात उघडा ठेवला तर त्यातला नत्र उडतो. झाडाच्या सावलीत ठेवून वर माती किंवा पालापाचोळा पसरला तरी मोठा फरक पडतो. धुऱ्यावर गिरिपुष्प लावलं तर पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या फांद्या छाटून तासात टाकता येतात. खत विकत न आणता नत्र मिळतो आणि धुराही धरून राहतो.

पाणी मुरवलं तर माती थांबते

मशागत आणि पेरणी उताराला आडवी करायची, हा पहिला नियम. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, हा दुसरा.

सोयाबीनला बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत काळ्या मातीसाठीच आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने भारी काळ्या जमिनीवर तिचं काम केलं. वरंब्यावर चार ओळी आणि दोन्हीकडे सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, मुळं सडत नाहीत. पाऊस कमी झाला तर सरीत ओल टिकते. बीबीएफ यंत्र नसेल तर पट्टापेर करायची : पेरताना ठरावीक ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडायची आणि डवरणीच्या वेळी तिथे सरी पाडायची. फवारणीलाही तीच वाट होते.

कपाशीत शेवटच्या डवरणीला डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळली की ओळींच्या मधोमध सरी पडते. खर्च दोरीचा. परतीचा पाऊस त्यात मुरतो.

कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवायच्या. तुरीचं मूळ खोल जाऊन कडक थर फोडतं, पानं गळून जमिनीवर खत होतं आणि एक पीक गेलं तरी दुसरं हाती राहतं. सोयाबीनवर सोयाबीन, वर्षानुवर्षं तेच पीक, ही सवय मोडायला हवी.

संत्र्यासाठी वेगळे नियम

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यात बाग एकदा लावली की वीस-पंचवीस वर्षांचा सौदा असतो. म्हणून लावण्याआधीच माती पाहायची. मीटरभर खोल, मध्यम काळी, खाली मुरूम आणि निचरा असलेली जमीन चांगली. मुक्त चुना 10 टक्क्यांच्या वर असेल तर बाग न लावलेली बरी. पाणी साचणाऱ्या भारी काळीत लावायचीच असेल तर उंच गादीवाफ्यावर लावायची आणि उताराच्या दिशेने चर काढायचे.

झाड वाळण्यामागे बहुतेक वेळा फायटोफ्थोरा ही बुरशी असते आणि तिला साचलेलं पाणी आवडतं. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळं करायचं : आतलं आळं बुंध्याभोवती कोरडं, बाहेरच्या आळ्यात पाणी. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावायचं : मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. कलमाचा डोळा जमिनीच्या वर असला पाहिजे, मातीची भर देऊन तो झाकायचा नाही.

धान आणि मामा तलावाचा गाळ

मौदा, रामटेक, पारशिवनीकडच्या धानाच्या बांध्यांत रोवणीआधी धैंचा किंवा बोरू पेरून 40 ते 50 दिवसांनी, फुलावर येताना चिखलणीत गाडला तर एक हप्ता युरिया वाचू शकतो. ओलिताची सोय असेल तिथेच हे वेळेत जमतं.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव बरेच आहेत. त्यांचा गाळ बरडी आणि खरडी जमिनीला सोन्यासारखा आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही राज्याची योजना 2017 पासून आहे. चौकशी ग्रामपंचायतीत करायची. मात्र गाळ टाकण्याआधी तपासून घ्यायचा आणि आधीच भारी असलेल्या काळीत टाकायचा नाही, निचरा आणखी बिघडतो.

विचारायचं कुठे?

मातीवर काम करणाऱ्या देशपातळीच्या संस्था आपल्याच जिल्ह्यात आहेत. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था अमरावती रोडवर आहेत. केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्धा रोडवर पांजरीला आहे. नागपूरचं कृषी महाविद्यालय 1906 पासूनचं, आता अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली. नमुना देण्यासाठी गावचा सहाय्यक कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालय गाठायचं. सरकारी काम जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी अधिकाऱ्यांकडे असतं.

वर्षभराचं वेळापत्रक

- डिसेंबर-जानेवारी : कपाशी संपवा, पऱ्हाटी बारीक करा, ढीग लावा.
- मार्च-एप्रिल : मातीचा नमुना द्या. ढीग पलटा.
- मे : अहवाल आणा, गोण्यांचा हिशेब करा. शेणखत पसरून लगेच वखरून मातीआड करा.
- जून : पाऊस पुरेसा झाल्यावर उताराला आडवी पेरणी, बीबीएफ किंवा पट्टापेर.
- जुलै-ऑगस्ट : डवरणी, सरी, युरियाचे हप्ते ओलीवर. बागेतले चर मोकळे ठेवा.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : सोयाबीनचं कुटार जाळू नका, ओलीवर हरभरा घ्या.

सगळं एकदम जमणार नाही. यंदा एका एकरात पऱ्हाटी न जाळता कुजवून पाहावी, त्याच एकराचा नमुना द्यावा आणि अहवाल जपून ठेवावा. तीन वर्षांनी त्याच ठिकाणचा नमुना पुन्हा दिला की बाजूच्या वावराशी तुलना करता येईल. वखराखाली माती कशी फुटते, पाऊस किती लवकर मुरतो, हे मात्र त्याआधीच कळू लागेल.